नोट्स ॲपमध्ये अडकल्या, हरवल्या, किंवा निघाल्या पण वाचता येईनात : कुठून सुरुवात करायची

खालच्यापैकी काही होतंय का बघा.

- नवीन फोन घेतला, ॲप टाकलं, लॉगिन केलं आणि नोट्स शून्य. किंवा अर्ध्याच आल्या, ते तर अजून डेंजर कारण लवकर लक्षातच येत नाही.
- नोट आहे हे शंभर टक्के माहितीये, स्क्रोल केलं तर दिसते, पण सर्च मारला की काहीच सापडत नाही.
- ॲप अचानक म्हणायला लागलं की नवीन नोट करायची तर पैसे भरा.
- एक्सपोर्ट केलं (म्हणजे नोट्स ॲपमधून बाहेर काढल्या), झिप (सगळ्या फायलींचं एकच गाठोडं) आली, पण झिप उघडताना एरर येतो, नाहीतर उघडते आणि आत फायली कमी निघतात.
- फाईल उघडली तर मराठीच्या जागी भलतेच किडे-मुंग्या.
- एकाच नोटच्या दोन-तीन कॉप्या आणि प्रत्येकीत थोडं थोडं वेगळं.
- मजकूर आला पण फोटो, टिकमार्क आणि तारखा गायब.

माझं कॉम्प्युटर-मोबाईल दुरुस्तीचं काम सदाशिव पेठ-नवी पेठ पट्ट्यात चालतं, आजूबाजूला सगळ्या अभ्यासिका, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक म्हणजे एमपीएससीची पोरं, ज्यांच्या दोन-दोन तीन-तीन वर्षांच्या चालू घडामोडी आणि राज्यघटनेची कलमं फोनमध्ये असतात आणि बरोब्बर प्रिलिमच्या तोंडावर काहीतरी होतं. उरलेले म्हणजे पेठेतले काका-काकू, ज्यांच्या एकाच नोटमध्ये पॉलिसीचे नंबर, गॅसचा ग्राहक क्रमांक आणि गोडा मसाल्याचं प्रमाण असतं. दोघांची तक्रार सेम असते आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांतच सुटते, म्हणून खालचा क्रम फुकट-सोप्यापासून खर्चिक-अवघडाकडे लावलाय. क्रम मोडू नका, वरचं न बघता खालचं केलं की जे शिल्लक होतं तेपण जातं.

आधी हात आवरा

ॲप अनइन्स्टॉल करू नका. लॉगआउट करू नका. सेटिंगमध्ये जाऊन क्लिअर डेटा मारू नका. व्हिडिओत पहिला उपाय हाच सांगतात आणि तो बाकी ॲपांना चालतोही, पण नोट्सच्या ॲपमध्ये जे सर्व्हरवर चढलेलंच नाही ते फक्त त्या फोनच्या पोटात असतं, आणि क्लिअर डेटा म्हणजे तेच पोट रिकामं करणं. क्लिअर कॅशे आणि क्लिअर डेटा ही बटणं शेजारीशेजारी असतात, घाईत अंगठा कुठे पडेल सांगता येत नाही. आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यायचा असेल तर या पोस्टच्या शेवटापर्यंत थांबा, दोन हजाराच्या डिस्काउंटसाठी घाई नको.

१. अकाउंट कोणतं आहे ते बघा (फुकट, दोन मिनिटं)

हा संवाद माझ्याकडे इतक्यांदा झालाय की पाठ झालाय.

"दादा, सगळ्या नोट्स उडाल्या."
"जीमेल किती आहेत तुझ्याकडे?"
"एकच."
"कॉलेजचा?"
"हां, तो आहे ना."
"क्लासवाल्यांनी दिलेला?"
"...तो पण आहे."

नोट्स त्या तिसऱ्यात असतात. जुन्या फोनमध्ये तिन्ही अकाउंट होती, नवीनमध्ये एकच टाकलं, एवढाच घोळ. ॲपमध्ये वरती उजवीकडे जो गोल फोटो असतो त्यावर टॅप करा आणि एकेक अकाउंट बदलून बघा. आयफोनवाल्यांनी नोट्समध्ये मागे मागे जाऊन फोल्डरच्या यादीपर्यंत जायचं, तिथे आयक्लाउड, जीमेल आणि 'ऑन माय आयफोन' असे वेगवेगळे गट दिसतील. जीमेलच्या गटातल्या नोट्स चक्क जीमेलमध्ये नोट्स नावाच्या लेबलखाली पडलेल्या असतात, बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. 'ऑन माय आयफोन'मधल्या मात्र कुठेच सिंक होत नाहीत, म्हणजे सर्व्हरवर चढत नाहीत, फोन गेला आणि त्याचा बॅकअप नसला की त्या गेल्या.

मग आर्काइव्ह आणि ट्रॅश बघा. गूगल कीपमध्ये नोट बाजूला सरकवली की ती आर्काइव्हला जाते, डिलीट होत नाही, आणि खिशात फोन असताना स्क्रीन चालू राहिली की असं सरकवणं आपोआप होतं. कीपच्या ट्रॅशमध्ये नोट फक्त ७ दिवस राहते, ॲपलच्या नोट्समध्ये साधारण ३०. म्हणून 'बघू रविवारी' करू नका.

कॉलेजच्या अकाउंटवर नोट्स सापडल्या तर आनंद करा आणि लगेच बाहेर काढा, कारण ते अकाउंट कॉलेजचं आहे, तुम्ही पास झालात की ते कधी बंद करायचं हे त्यांच्या ॲडमिनच्या हातात. स्वतःचं अकाउंट असलं तरी गूगलचा नियम आहे की दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट ते डिलीट करू शकतात, डिसेंबर २०२३ पासून ते लागू झालंय. जुन्या अकाउंटवर नोट्स ठेवून विसरला असाल तर आज एकदा लॉगिन करून या.

२. ब्राउझरमध्ये उघडून बघा (हेपण फुकट)

फोन खोटं बोलू शकतो. म्हणजे फोनवर दिसतेय याचा अर्थ ती वर चढलीये असं नाही. म्हणून ज्या ॲपची वेबसाईट आहे ते कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडायचं आणि फोनशी ताडून बघायचं. वेबवर दिसली म्हणजे सर्व्हरवर आहे, आता फोन फुटला तरी फरक पडत नाही. फोनवर आहे पण वेबवर नाही, म्हणजे सिंक अडकलंय, बॅटरी सेव्हर बंद करा, बॅकग्राउंड डेटा चालू करा, वायफायवर ठेवा, ॲप उघडं ठेवून थोडा वेळ जाऊ द्या. तरी चढेना तर त्या नोट्स उघडून मजकूर कॉपी करा आणि स्वतःलाच मेल करा. गावठी उपाय आहे पण फेल जात नाही.

विंडोजवर 'वननोट फॉर विंडोज १०' हे जुनं ॲप वापरत असाल तर ही पायरी जास्त महत्त्वाची. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यात सिंक न झालेली पानं असतील तर नवीन वननोट टाकून ती तिथे दिसणार नाहीत, आधी जुन्यातून वर चढवायला लागतात.

३. सर्चमध्ये सापडत नाही : हा आपला मराठीचा खास रोग आहे

याच्यावर कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातला तो आडवा र दोन पद्धतीने टाइप होतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलंत (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), मग य. दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलंत, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सेम दिसतात पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. 'ॲप'मधल्या ॲचं पण तसंच. त्याला युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक तक्त्यात) स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधीचे आणि काही आत्ताचेही कीबोर्ड अ आणि वरचा चंद्र असा जोडून तो बनवतात. तुम्ही नोट एका फोनवर लिहिली, सर्च दुसऱ्या फोनवरून करताय, कीबोर्ड वेगळा, आणि ॲपला हे दोन सारखे आहेत हे समजत नसलं की नोट समोर असून सापडत नाही. लोक म्हणतात डेटा उडाला. उडाला नाहीये.

तपासायचं कसं? शब्दाचा तेवढाच भाग सर्च करा ज्यात ही भानगड नाही. 'महाराष्ट्रातल्या किनाऱ्याची लांबी' शोधायचंय तर 'लांबी' टाका, 'किना' टाका. सापडली तर रोग पक्का. उपाय म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरवर एकाच पद्धतीने टाइप करायचं, आणि महत्त्वाच्या नोटच्या पहिल्या ओळीत दोन-तीन सरळसोट शब्द लिहून ठेवायचे. हे ॲप बदलून सुटत नाही, बदललंत तर हाच मजकूर तसाच पुढे जाईल.

४. एक्सपोर्टची ट्रायल (फुकट, पण कॉम्प्युटर लागेल)

इथपर्यंत नोट्स सापडल्या असतील तर आता त्या बाहेर काढून बघायच्या, गरज नसली तरी. मी काय म्हणतो, ॲप चांगलं की वाईट हे त्याच्या फीचरवरून ठरवू नका, त्यातून बाहेर पडताना काय हातात येतं त्यावरून ठरवा. भाड्याच्या खोलीत भिंतीत कपाट बांधून घेतलं तर खोली सोडताना ते नेता येतं का? तेच आहे हे. दहा नोट्स निवडा, त्यात एक फोटोवाली, एक चेकलिस्टवाली, एक टेबलवाली, एक लांबलचक आणि एक मराठी नावाची असू द्या, आणि त्या दहाच बाहेर काढून दुसऱ्या कशात तरी उघडा. काय गेलं ते लगेच कळतं.

ॲपनुसार काय मिळतं ते सांगतो.

गूगल कीपमध्ये एक्सपोर्टचं बटणच नाही, ते गूगल टेकआउटमधून (गूगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायच्या पानावरून) होतं. तिथे गेल्यावर सगळ्याच गोष्टींवर टिक असते, पहिलं काम म्हणजे 'डिसिलेक्ट ऑल' आणि मग फक्त कीपवर टिक. हे न करता पुढे गेलात तर तुमचे सगळे फोटो, ड्राइव्ह, जीमेल असं कित्येक जीबीचं गाठोडं तयार होईल आणि तुम्ही दोन दिवस मेलची वाट बघत बसाल. नुसत्या कीपचं लवकर येतं. लिंक साधारण आठवडाभर चालते, आल्या आल्या डाउनलोड करा. प्रत्येक नोटची एक एचटीएमएल फाईल आणि एक जेसन फाईल मिळते. एचटीएमएल डोळ्यांनी वाचायला, जेसन दुसऱ्या ॲपला खायला घालायला. जेसन फालतू दिसतेय म्हणून डिलीट करू नका, नोट कधी लिहिली ती तारीख, लेबल, चेकलिस्टवर कुठे टिक होती ते सगळं त्यात व्यवस्थित असतं.

एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये फुकटवाल्यांना ५० नोट्स आणि एक नोटबुक अशी मर्यादा घातली, तेव्हा बरीच मंडळी धावत आली होती. घाबरायचं कारण नव्हतं, आधीच्या नोट्स दिसत होत्या आणि काढताही येत होत्या, फक्त नवीन करता येत नव्हती. पैसे मागणारा मेसेज आला म्हणजे डेटा गेला असं नसतं, कुठल्याही ॲपचा असो, आधी एक्सपोर्ट चालतंय का ते बघा. एव्हरनोटचं एक्सपोर्ट मोबाईलवरून नाही, कॉम्प्युटरवरच्या ॲपमधून होतं, आणि ते एकेक नोटबुक करून घ्या म्हणजे कुठली नोट कुठल्या वहीतली ते कळतं. फाईल एनेक्स नावाच्या फॉरमॅटमध्ये येते, फोटो तिच्यातच भरलेले असतात, आणि जॉप्लिन, ऑब्सिडियन वगैरे नोट्सची बाकी ॲपं ती थेट घेतात.

नोशनमधून मार्कडाउन (खुणा घातलेला साधा मजकूर) आणि सीएसव्ही (टेबलाची साधी फाईल) निघतं. पान-पानात-पान असं असेल तर 'इन्क्लूड सबपेजेस' चालू आहे ना बघा, नाहीतर फक्त वरचं पान येतं आणि लोक म्हणतात अर्धंच आलं. प्रत्येक फाईलच्या नावामागे आकडे-अक्षरांचं लांब शेपूट लागतं, ते तसंच राहू द्या, आतल्या लिंका त्या नावांवर चालतात.

वननोटमधून साधं काही निघत नाही, त्याचं स्वतःचं पॅकेज नाहीतर पीडीएफ नाहीतर वर्ड. सॅमसंग नोट्समधून टेक्स्ट, वर्ड, पीडीएफ निघतं पण पेनने लिहिलेलं असेल तर ते चित्र म्हणूनच येणार, त्यात सर्चची अपेक्षा ठेवू नका. ॲपलच्या नोट्समध्ये इतकी वर्षं पीडीएफशिवाय फारसं काही नव्हतं, आता २०२५ च्या आयओएस २६ पासून मार्कडाउन आलंय. ऑब्सिडियनमध्ये एक्सपोर्ट हा प्रश्नच येत नाही, नोट्स तुमच्याच फोल्डरमध्ये साध्या मार्कडाउन फायली म्हणून पडलेल्या असतात, उद्या ते ॲप बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडतील.

आणि पीडीएफला एक्सपोर्ट समजू नका. प्रिंट काढायला ठीक आहे. पण मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी करून बघा एकदा, वेलांट्या पुढे-मागे, जोडाक्षरं फुटलेली, मधेच स्पेस. आपल्याला वाचता येतं, मशीनला परत नोट करता येत नाही.

५. झिप उघडत नाही

विंडोजवर फाईलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून फोल्डर-फोल्डर करत फाईलच्या नावापर्यंत, साधारण २६० अक्षरांच्या पुढे गेला की जुनी सिस्टीम हात वर करते. नोशनच्या झिपमध्ये फोल्डरात फोल्डर आणि वर ती शेपटं, त्यात तुम्ही ती डेस्कटॉपवरच्या 'नवीन नोट्स बॅकअप फायनल' नावाच्या फोल्डरात उघडताय, मग होणारच. झिप थेट सी ड्राइव्हवर एका अक्षराच्या नावाच्या फोल्डरात ठेवा आणि सेव्हन-झिपने उघडा, फुकट आहे. मराठी नावांच्या फायलींची नावं बिघडत असतील तरी आधी हेच करून बघा.

फोनवर वेगळी गंमत होते. अँड्रॉइडवर आणि लिनक्सवर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा. इंग्रजी अक्षर एक बाइट, पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, आणि काना-मात्रा-उकार हे सगळे वेगळे मोजले जातात. 'पुणे' हा एवढासा शब्द १२ बाइट खातो. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं. नोटचं शीर्षक म्हणून अख्खा प्रश्न लिहायची पोरांना सवय असते, तिथे फाईलचं नाव कापलं जातं नाहीतर फाईल बनतच नाही. शीर्षक छोटं ठेवा, आणि त्यात तारखेची तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबं टाकू नका, विंडोजला ती फाईलच्या नावात चालत नाहीत.

६. मराठीच्या जागी किडे-मुंग्या

नीट बघा किडे कोणते आहेत, त्यावरून रोग ठरतो.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए परत परत येतोय, त्याच्यापुढे चार टोकं फुटलेला छोटा गोल आणि मधे मधे जपानी येनचं चिन्ह, असं असेल तर मजकूर एकदम धडधाकट आहे, फक्त उघडणाऱ्याने चुकीचा चष्मा लावलाय. फाईल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) आहे आणि एक्सेल ती जुन्या इंग्रजी तक्त्याने वाचतंय. एक्सेलमध्ये सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका. रिकामं एक्सेल उघडा, डेटा टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', आणि फाईल ओरिजिनच्या जागी '६५००१ : युनिकोड यूटीएफ-८' निवडा. मराठी जागेवर येईल. किडे दिसत असताना चुकूनही सेव्ह करू नका, नुसतं बघितल्याने काही बिघडत नाही, सेव्ह केल्याने बिघडतं. आपला हलंत ज्या बाइटने संपतो ती जागा त्या जुन्या तक्त्यात मोकळी आहे, त्यामुळे सेव्ह करताना जोडाक्षरं तुटायची शक्यता असते, आणि ती मग हाताने दुरुस्त करत बसा.

पण जर किडे साध्या इंग्रजी अक्षरांचे, कंस, स्वल्पविराम असे असतील आणि मजकूर जुन्या वर्ड फाईलमधून आलेला असेल तर तो बहुतेक श्रीलिपी नाहीतर कृतीदेव सारख्या जुन्या फॉन्टमधला आहे. श्रीलिपी तर आपल्या पुण्याचीच, इथल्या किती डीटीपीवाल्यांचं आयुष्य तिच्यावर गेलंय. त्यात आतमध्ये अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात, फॉन्ट लावला की मराठी दिसतं, फॉन्ट काढला की कचरा. नोट्सच्या ॲपमध्ये तो फॉन्ट नसतो. इथे युनिकोड कन्व्हर्टरमधूनच काढायला लागतं, आणि नेमका कुठला फॉन्ट होता ते माहीत हवं, म्हणून मूळ वर्ड फाईल फेकू नका. थोडा मजकूर असेल तर सरळ परत टाइप करा, लवकर होतं.

७. एका नोटच्या तीन कॉप्या

दोन ठिकाणी ऑफलाइन लिहिलंत आणि नंतर दोन्ही एकदम सिंक झालं की ॲप दोन्ही ठेवतं. आपल्याकडे गुरुवारी महावितरणचं मेंटेनन्स असतं, लाईट गेली की वायफाय जातं, लॅपटॉपवर लिहिणं चालू राहतं, तेवढ्यात तीच नोट फोनवर मोबाईल डेटावर उघडून दोन ओळी घातल्या, झालं. कॉपी दिसली की लगेच डिलीट करू नका, दोन्ही शेजारी ठेवून वाचा, जास्तीची ओळ मुख्य नोटमध्ये घ्या, मग दुसरी उडवा.

ऑब्सिडियनवाले एक खास उद्योग करतात, तेच फोल्डर आयक्लाउडमध्ये पण आणि ड्राइव्हमध्ये पण. दोन सिंकवाले एकमेकांच्या मागे धावत बसतात आणि कॉप्यांचा पाऊस पडतो. एकच ठेवा. दुसरीकडे हवंच असेल तर महिन्याला झिप करून टाका.

८. नवीन ॲपमध्ये टाकताना

जुनं अकाउंट किमान दोन-तीन महिने बंद करू नका. इम्पोर्ट झाल्यावर नोट्सचा आकडा जुळतोय का, फोटो नेट बंद करूनही दिसतायत का (नेट बंद केल्यावर गेले तर ती नुसती लिंक आहे, जुन्या कंपनीच्या सर्व्हरवरची, एक दिवस ती मरणार), टिकमार्क राहिले का, तारखा आजच्या तर नाही ना झाल्या, एवढं बघा. तारखा बऱ्याचदा बदलतात, पोरांना चालू घडामोडीत त्याचाच त्रास होतो, म्हणून तारीख नोटच्या आतच पहिल्या ओळीत लिहायची सवय लावा.

कुठलं ॲप घेऊ हा प्रश्न शेवटी येतोच. फोनवर पटकन दोन ओळी, किराणा, गाडीचा नंबर यासाठी कीप मस्त आहे, पण एका नोटमध्ये साधारण २०,००० अक्षरांपुढे जाता येत नाही, अख्खा इतिहासाचा सिलॅबस त्यात कोंबू नका. वर्षानुवर्षं ठेवायचं ते ऑब्सिडियन नाहीतर जॉप्लिन, दोन्ही फुकट चालतात. जॉप्लिन ओपन सोर्स आहे आणि ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्हवर सिंक करता येतं. ऑब्सिडियन दिसायला छान, पण पोरं प्लगिन लावण्यात आठवडे घालवतात, अभ्यास राहतो बाजूला. नोशन ग्रुपमध्ये मिळून काम करायला बरं, एकट्याच्या नोट्ससाठी मला तरी पटत नाही.

आणि कायद्याच्या भरवशावर राहू नका. युरोपात जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम २० मध्ये आपला डेटा दुसरीकडे न्यायचा हक्क लिहिलेला आहे. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात डेटा बघायचा, दुरुस्त करायचा, पुसायला लावायचा हक्क आहे, तुमच्यामागे ते कोण बघणार त्याचं नाव देता येतं, पण घेऊन जायचा हक्क नाहीये. म्हणजे एक्सपोर्टचं बटण ही कंपनीची मर्जी, आहे तोवर वापरा, महिन्यातून एकदा दाबा आणि ती झिप ॲपच्या बाहेर दुसरीकडे ठेवा.

इथे थांबा आणि माणूस गाठा

फोनची स्क्रीन फुटलीये पण दिसतंय, फक्त टच चालत नाही, तर आधी ओटीजी (फोनला माऊस जोडायचा छोटा ॲडॅप्टर) आणि साधा माऊस लावून बघा, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शे-दीडशेत काम होतं. दिसतच नसेल तर डिस्प्ले बदलायला द्या आणि देताना स्पष्ट सांगा, पावतीवर लिहून घ्या, की फॉरमॅट मारायचा नाही, सॉफ्टवेअर मारायचं नाही. आत्ताच्या फोनमध्ये स्टोरेज एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे कुलूपबंद असतं, रिसेट मारला की किल्लीच जाते, मग कितीही मोठा रिकव्हरीवाला आणा, हाती काही लागत नाही. रिसेट झालेल्या फोनमधून नोट्स काढून देतो म्हणून कोणी ॲडव्हान्स मागितला तर देऊ नका.

हार्ड डिस्क टक-टक वाजतेय तर लगेच बंद करा, परत परत चालू करून बघू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअर तर अजिबात टाकू नका. ते लॅबचं काम आहे आणि महाग असतं, म्हणून आधी विचारा की तपासणीचे किती आणि डेटा नाही निघाला तर किती. फोन पाण्यात पडला असेल तर चार्जिंगला न लावता दुकानात न्या.

अकाउंट दुसऱ्या कोणीतरी घेतलंय, पासवर्ड बदललाय, तर आधी ॲपच्या रिकव्हरी पानावर जा, आणि नोट्समध्ये बँकेचे पिन वगैरे लिहिले असतील तर त्याच तासात बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन.

ऑफिसचं अकाउंट असेल तर मला काय, कोणालाच दाखवू नका. हिंजवडीतली पोरं नोकरी सोडायच्या आदल्या दिवशी लॅपटॉप घेऊन येतात, दादा सगळ्या नोट्स पेनड्राइव्हवर मारून द्या. नाही देत. त्या कंपनीच्या आहेत, तुमचं वैयक्तिक काही त्यात असेल तर तुमच्या आयटीवाल्यांना मेल टाका आणि त्यांच्याकडूनच मागून घ्या.

शेवटचं, जॉप्लिनमध्ये एन्क्रिप्शन चालू केलंय, स्टँडर्ड नोट्स नावाचं ॲप वापरताय, किंवा ॲपलची नोट स्वतंत्र पासवर्डने लॉक केलीये, आणि पासवर्ड आठवत नाहीये. जुन्या एखाद्या डिव्हाइसवर ॲप अजून उघडं असेल तर तिथूनच लगेच एक्सपोर्ट करा, तोपर्यंत तिथे लॉगआउट होऊ देऊ नका. तसं डिव्हाइस नसेल तर माझ्याकडे येऊन रिक्षाचे पैसे घालवू नका, घरच्या डायऱ्या, जुन्या वह्यांची मागची पानं, ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड चाळा.